कोयना ते तुरळ: विजयाचे डोळे, माझे कान

सोलापूरच्या माणसाला पक्षी बघायला मान वर करावी लागत नाही. आमचे पक्षी एकतर जमिनीवर, नाहीतर क्षितिजावर. नान्नजच्या माळावर हिवाळ्यात भोवत्या गवताला पोट टेकेल इतक्या खालून तरंगत जातो. धाविक ढेकळांमधून तुरुतुरु पळतो आणि थांबला की मातीत मिसळून जातो. चंडोल तेवढा गाण्यापुरता वर चढतो आणि लगेच खाली येतो. झाडं कमी, त्यामुळं नजर लांब जाते. ज्याच्यासाठी १९७९ साली इथं अभयारण्य झालं तो माळढोक आता दिसेनासाच झालाय, पण त्याला शोधता शोधता आमच्यातल्या कित्येकांना एका जागी बसून तासन् तास लांब बघायची सवय लागली. मला ती लागली, आणि माझ्यामुळं विजयाला.

घाटातल्या जंगलात ही सवय निम्मीच कामाला येते. तिथं पक्षी आधी ऐकू येतो, आणि मग जमलं तर दिसतो. पानांची गर्दी एवढी की दहा हातांवर बसलेला पक्षीसुद्धा ओरडल्याशिवाय कळत नाही. विजयाला कोयनेकडं न्यावं की नाही, याचा मी बराच काळ विचार करत होते तो त्यामुळंच.

विजया माझी शाळेपासूनची मैत्रीण. सोलापूरच्या पूर्व भागातली, घरात तेलुगू बोलणारी, विणकर पद्मशाली समाजातली. लग्न करून ज्या घरात गेली तिथं टॉवेलचा कारखाना आणि राहतं घर यांच्यामध्ये एकच भिंत. सासरे थकले, नवऱ्याला बाहेरची गिऱ्हाईकं बघावी लागायची, म्हणून सुताचा हिशेब, बीम बांधणं, कारागिरांची हजेरी हे सगळं हिच्या अंगावर आलं. धोट्याचे जुने माग एका खोलीत चालू असले की ९५-१०० डेसिबल आवाज सहज भरतो. ८५ च्या पुढं रोज आठ तास कान राहिले तर ते हळूहळू दुखावतात, हे वैद्यकाला कधीचं माहीत आहे. कारखान्यात ते कुणी कुणाला सांगत नाही. तिथं सगळे ओठांकडं बघून बोलतात, आणि तेच रीत म्हणून चालतं.

कानाच्या डॉक्टरांनी काढलेला आलेख विजयानं मला दाखवला होता. डावीकडं, म्हणजे खालच्या स्वरांना, रेघ बऱ्यापैकी सरळ. ३००० हर्ट्झच्या पुढं ती घसरते आणि ४००० ला तर खड्ड्यात जाते. मोठ्या आवाजानं गेलेल्या कानाची हीच खूण असते म्हणे. तिच्याशी बोलताना काही जाणवत नाही. फक्त स आणि श तिला एकसारखे वाटतात, मोबाइलची बारीक रिंग ऐकू येत नाही, आणि लहान पक्ष्यांचे आवाज तर नाहीतच. सूर्यपक्षी, फुलटोच्या, शिंपी ही सगळी मंडळी त्या खड्ड्यात किंवा त्याच्या पलीकडं गातात.

मी हे सगळं मनात घोळवत बसले होते आणि तिनं एका वाक्यात निकाल लावला. "तुला ऐकू येतंय, मला दिसतंय की. चल." दिसतंय हे खरंच होतं. माळावर माझ्याआधी पक्षी नेहमी हिलाच सापडतो. वर्षानुवर्षं हलत्या कापडावर नजर ठेवून तुटलेला एक धागा शोधणारी बाई आहे ती.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला निघालो. जाताना आटपाडी-विटा-कराडवरून कोयना, तिथून कुंभार्ली घाटानं खाली चिपळूण, मग संगमेश्वर तालुक्यातले गरम पाण्याचे झरे, आणि परत येताना आंबा घाट. गाडी विजयानं चालवायची, कारण तिला ते आवडतं. डब्यात कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि तिच्या सासूबाईंनी पहाटे उठून केलेली पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात.

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात उजाडलं. ज्वारी निसवून कणसात दाणा भरत आलेला. विजयानं गाडी बाजूला घेतली आणि काच खाली केली. मला नुसतं रान दिसत होतं. "त्या विजेच्या खांबांच्या मागं बघ, धूर उठल्यासारखं," ती म्हणाली. भोरड्या होत्या. किती ते सांगायला जाऊ नये. थवा वर उठला, फाटला, परत जुळला आणि वळताना सगळ्यांच्या पाठीचा गुलाबी रंग एकदम उन्हात आला. हे पक्षी मध्य आशियाकडून आणि पूर्व युरोपातून येतात, हिवाळा आपल्याकडं काढतात आणि एप्रिलपर्यंत परत फिरतात. तिकडं पिल्लांना भरवायला त्यांना टोळ आणि नाकतोडे लागतात. इकडं येऊन ते किडेही खातात आणि ज्वारीही. रानात माळ्यावर उभा एक म्हातारा गोफण फिरवत होता. थवा त्याच्यासमोरून उठून बांधापलीकडच्या रानात उतरला, तिथं डबा वाजायला लागला. थवा तिथूनही उठला. त्या शेतकऱ्याचं नुकसान मला दिसत होतं, तरी नजर काढवत नव्हती.

सांगोल्यात डाळिंबाच्या बागा, भिवघाटात चहा, कराडात कृष्णा-कोयनेच्या संगमावर पाय मोकळे केले, बस. पाटणच्या पुढं मात्र मी वर्गात जे वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आले ते डोळ्यांपुढं यायला लागलं. सोलापूरला वर्षभरात सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, कोयनेच्या पाणलोटात पाच हजारांच्या घरात. म्हणजे एका दिवसाच्या प्रवासात आम्ही आठपट पावसात शिरलो होतो, आणि तो पाऊस आता झाडांच्या रूपानं उभा होता. बाभळी संपल्या. जांभूळ, हिरडा, अंजनी सुरू झाली. डावीकडं कोयना दिसायला लागली.

कोयनानगरला राहिलो. शिवसागर जलाशय, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप, २०१० साली कोयना आणि चांदोली मिळून झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, हे सगळं मी विजयाला रात्री जेवताना सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "उद्या किती वाजता उठायचं?"

पहाटे घाटमाथ्याच्या बाजूला रस्त्याच्या कडेनं चालायला लागलो. आम्ही आधीच ठरवून ठेवलं होतं. मला आवाज आला की मी तिच्या मनगटावर बोट ठेवायचं आणि दिशा दाखवायची. उंची अंदाजानं सांगायची. मग पान हलतंय का, ते ती बघणार. बोलायचं नाही. खरं तर या कामाला कारखान्यातली ओठांवरून बोलायची रीत फार उपयोगी पडली. विजया नुसते ओठ हलवून अख्खी वाक्यं बोलते आणि मला ती शाळेपासून समजतात.

पहिला आवाज तिलाच आला, आणि हे मला अपेक्षित नव्हतं. दरीच्या आतून, अगदी खोल, दमादमानं एक घुमारा येत होता. तिनंच माझं मनगट धरलं. पाचू-कवडा होता तो. त्याचा आवाज इतका खालचा असतो की मी वाऱ्यात तो हरवून बसले होते, आणि तिच्यासाठी वरचे सगळे बारीक आवाज नसल्यामुळं तो मोकळा उरला होता. कुटुरग्यांचा गजरही तिला पुरेपूर ऐकू येत होता. फेब्रुवारीत घाटातलं अख्खं जंगल कुटुर-कुटुर करत असतं. राखी रानकोंबड्याची तुटक बांग, भारद्वाजाचं घुमणं, वानराचा खाकरा हे सगळं तिच्या वाट्याला आलं. निखार, पर्णपक्षी, सूर्यपक्षी माझ्या.

मग ओढ्याजवळ शीळकरी कस्तुर गायला लागला. ज्यांनी ऐकला नाही त्यांना सांगते: एखादा माणूस सकाळी काही काम नसताना, चाल न धरता, स्वतःपुरती शीळ घालत चाललाय असं वाटतं. पावसाळ्यात तो भरपूर गातो, फेब्रुवारीत जेमतेम सुरुवात असते. मी विजयाकडं बघितलं. तिचा चेहरा एकदम उजळला. तिला ऐकू येत होतं! माणसाच्या शिळेच्याच पट्टीत तो गातो, आणि ती पट्टी तिच्या रेघेवर खड्ड्याच्या अलीकडं येते. ती डोळे मिटून ऐकत राहिली. थोड्या वेळानं ओठांनी विचारलं, "मधे मधे थांबतो का गं तो?"

तो थांबत नव्हता. शीळ वर चढली की तेवढे स्वर तिच्यासाठी गळत होते आणि खाली आली की पुन्हा सापडत होते. ते गाणं तिला तुकड्यातुकड्यानं मिळत होतं. मी काय उत्तर द्यावं हे मला सुचेना, म्हणून मी माझा हात पुढं केला आणि तिच्या तळहातावर बोटानं गाणं काढायला लागले. स्वर वर गेला की बोट वर, खाली आला की खाली. ती बघत होती आणि ऐकत होती. एका जागी तिनं माझं बोट धरलं. "इथून मला नाही." बोट पुढं गेलं, परत खाली आलं. "आता आला."

नंतर फोनवर मर्लिन लावलं. हे अ‍ॅप आवाज ऐकून पक्षी ओळखतं, ते तर आहेच, पण आवाजाचं चित्रही पडद्यावर सरकत दाखवतं. खालचे आवाज खाली, बारीक आवाज वर. फुलटोच्या आमच्या डोक्यावरच्या बांडगुळावर टिकटिकत होता. विजयाला तो दिसत होता, ऐकू येत नव्हता. आणि पडद्याच्या वरच्या अंगाला छोटे छोटे काळे ठिपके एकामागून एक उमटत होते. तिनं फोन हातात घेतला, उन्हापासून आडोसा केला आणि बघत राहिली. "हे जकार्डाचे पुठ्ठे आहेत," ती म्हणाली. चादरीची नक्षी ज्या भोकांच्या पुठ्ठ्यांवरून मागाला कळते ते पुठ्ठे. तिच्या माहेरी चादरीचे माग होते, लहानपणी ती पुठ्ठे बघून नक्षी सांगायची. थोड्याच वेळात ती पडद्यावरच्या खुणा ओळखायला लागली. हा तिरपा फराटा म्हणजे कस्तुर, ही ठिपक्यांची रांग फुलटोच्या, हा खाली सारखा येणारा जाड पट्टा कुटुरगा. तळ्यावर वाकलेल्या फांदीवरून भृंगराज बोलला तेव्हा तर पडदा भरून गेला, कारण तो दुसऱ्यांचे आवाज काढतो. विजया म्हणाली, "हा सगळ्यांची डिझाइन चोरतोय."

एक सांगायला पाहिजे. आम्ही ते अ‍ॅप फक्त ऐकायला वापरलं. फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावायचा प्रकार आता फार वाढलाय आणि तो मला अजिबात पटत नाही. वीण जवळ आली असताना नर आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असं समजून खाणंपिणं सोडून भांडायला येतो. आपल्याला फोटो मिळतो, त्याची सकाळ वाया जाते.

कुंभार्ली घाट उतरलो की हवा बदलते. कातडीला ओल लागते. कोयनेचं पाणीही इथंच डोंगराच्या पोटातून वीज करून पोफळीला खाली येतं आणि वाशिष्ठीला मिळून समुद्राकडं जातं. चिपळूण ओलांडून मुंबई-गोवा महामार्गानं दक्षिणेला वळलो. आरवली, तुरळ, राजवाडी ही गरम पाण्याच्या झऱ्यांची गावं जवळजवळ आहेत.

या झऱ्यांबद्दल लोकांच्या मनात ज्वालामुखी पक्का बसलाय. वर्गात मुलंही हेच म्हणतात. आपला काळा दगड ज्वालामुखीचाच, हे खरं. पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि कधीचाच निवलाय. झऱ्याचं पाणी मुळात पावसाचं. ते दगडातल्या भेगांमधून खाली झिरपत जातं. जमिनीत जितकं खोल जावं तितकी उष्णता वाढते, साधारण किलोमीटरला २५ ते ३० अंश. खोलवर तापलेलं ते पाणी दुसऱ्या मोठ्या भेगेतून दाबानं वर येतं. पालघर जिल्ह्यातल्या कोकनेरपासून थेट राजापूरपर्यंत सुमारे ३५० किलोमीटरच्या पट्ट्यात असे झरे आहेत, मिळून १८ ठिकाणी. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत दगड उभा चिरत गेलाय, त्या चिरांच्या कडेनं हे पाणी वर येतं. विजयाला मी हे तुरळच्या कुंडाच्या काठावर बसून सांगितलं. तिनं पाण्यावर हात धरून वाफ बघितली आणि विचारलं, "म्हणजे गेल्या वर्षीचा पाऊस आहे का हा?" तसा नाही. खाली जाऊन वर यायला पाण्याला फार काळ लागतो, आपल्या कुणाच्या आठवणीत नसेल इतक्या जुन्या पावसाचं ते पाणी असू शकतं. हे ऐकल्यावर तिनं ओंजळीतलं पाणी सावकाश परत कुंडात सोडलं.

पाणी थेट अंगावर घेण्याजोगं नव्हतं, चटका बसत होता. बादलीत काढून, निववून घ्यायचं. गंधकाचा वास येतो, पण थोड्या वेळानं नाकाला सवय होते. घाट चढ-उतार करून आखडलेली पाठ सुटली ते सुख मी शब्दांत मांडायला बसत नाही, ज्याचं त्यानं घ्यावं. गावातली एक आजी कपडे घेऊन आली होती. कुठून आलात, कशाला आलात, नवरे कुठं आहेत, सगळं विचारून झालं. पक्षी बघायला आलोय म्हटल्यावर तिला काही नवल वाटलं नाही. "गरूड बघायचेत ना? राजवाडीकडं जा सकाळच्याला. काजऱ्याला फळं लागलीत." कोकणात धनेशाला गरूड म्हणतात, हे मला माहीत होतं. आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलं.

पण तुरळ सोडण्याआधी धोब्याचं सांगते. कुंडातून निघालेलं पाणी एका चरातून वाहत जाऊन ओढ्याला मिळतं. चर सुरू होतो तिथं दगडावर शेवाळाचा हिरवा-तांबूस थर आणि वर वाफ, मिळतो तिथं पाणी कोमट. त्या तोंडाशी करडा धोबी होता. हिमालयाकडून हिवाळ्यापुरता आलेला, शेपूट अंगापेक्षा लांब, पोटाखाली पिवळा. कोमट पाण्यावर बारीक माश्या घोंगावत होत्या आणि तो एका दगडावरून दुसऱ्या दगडावर जात त्या टिपत होता. माशी वर उठली की हातभर उडी, हवेतच वळण, खाली येताना शेपूट पंख्यासारखं उघडून पुन्हा मिटणार. पाणी जसं गरम होत जातं तसतसा तो चरातून वर वर सरकायचा आणि एका ठरावीक दगडाला आला की मागं फिरायचा. त्याच्या पुढं गेलाच नाही. विजयानं उठून त्या दगडाजवळच्या पाण्यात बोट घातलं. "इथं चहाएवढं आहे," ती म्हणाली. उडताना धोबी बारीक टोकदार चिवचिवत होता. ते तिला ऐकू आलं नाही. तिनं ते शेपटीवरून ओळखलं. "तो ओरडला की शेपूट दोनदा खाली जातंय, बघ." मी तोपर्यंत आवाजच ऐकत होते, शेपटीकडं माझं लक्षच गेलं नव्हतं.

तिथंच तिला मी कानाची गोष्ट सांगितली. खूप दिवस माझ्या मनात होती, पण सांगून तिला बरं वाटेल की वाईट, ते कळत नव्हतं. आपल्या कानाच्या आत शंखात बारीक केसांच्या पेशी असतात. मोठ्या आवाजानं त्या मेल्या की माणसात पुन्हा येत नाहीत. पक्ष्यांमध्ये येतात. १९८७-८८ च्या सुमारास कोंबडीच्या पिल्लांवर आणि लाव्यांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना हे दिसलं. आवाजानं बधिर झालेला पक्षी काही आठवड्यांत पुन्हा ऐकायला लागतो. माणसात तसं घडवता येईल का, यावर तेव्हापासून काम चाललंय.

विजया बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्या शेडमध्ये पत्र्याखाली चिमण्या घरटं करतात. मला नेहमी वाटायचं, त्यांच्या पिल्लांच्या कानाचं काय होत असेल. म्हणजे त्यांचं भरून येतं." तिच्या आवाजात खरोखर सुटल्यासारखं काहीतरी होतं. स्वतःच्या कानांबद्दल ती काही म्हणाली नाही. मीही विषय वाढवला नाही.

राजवाडीला आम्ही उजाडायच्या आत पोचलो. सोमेश्वराचं जुनं देऊळ, भोवती मोठी झाडं, जवळच गरम पाणी. आजीनं सांगितलेला काजरा शोधावा लागला नाही, नारिंगी फळं पानांतून दिसत होती. काजऱ्याची बी विषारी, माणूस त्या झाडापासून चार हात लांब राहतो. मलबारी कवड्या धनेश मात्र त्याचं कवच फोडून गर खातो. आम्ही एका बांधाला टेकून बसलो.

आणि मग आवाज आला. आधी मला वाटलं खालच्या रस्त्यावरून काहीतरी जातंय. विजयानं माझं मनगट धरलं, मी तिचं धरायला गेले, आणि दोघींचे हात एकमेकींत अडकले. फस्स, फस्स, फस्स. पंखांचा आवाज. धनेशाच्या पंखांखाली पिसांच्या बुडाशी झाकण देणारी बारीक पिसं नसतात. उडताना मोठ्या पिसांमधून हवा थेट घुसते आणि ती लांबवर ऐकू जाते. या एका आवाजात ना माझ्या वाट्याचं काही जास्त होतं ना तिच्या.

जोडी होती. पांढरं पोट, काळी पाठ, चोचीवर पिवळसर मोठं शिरस्त्राण आणि त्यावर पुढं काळा डाग. नराचा डोळा लाल, मादीच्या डोळ्याभोवती फिकी कातडी. दोघं काजऱ्यावर उतरली तेव्हा फांदी वाकली. नरानं एक फळ तोडलं, चोचीच्या टोकात धरलं, दोन-तीनदा फिरवलं, दाबलं. कवचाला तडा गेला तो टचकन आवाज आम्हाला दोघींनाही आला. मग त्यानं गर खाल्ला नाही. फांदीवरून सरकत मादीकडं गेला आणि चोच पुढं केली. तिनं घेतलं. पुन्हा एक फळ, पुन्हा तेच. थोड्या आठवड्यांनी ती एखाद्या जुन्या झाडाच्या ढोलीत बसेल, तोंड लिंपून घेईल, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवेल, आणि पुढचा सगळा काळ हाच तिला आणि पिल्लांना फटीतून भरवेल. त्या काळात नराला काही झालं किंवा ढोलीचं झाड तुटलं तर आतलं कुटुंब अडचणीत येतं. देवळाभोवती राखलेली जुनी झाडं त्यांना लागतात ती म्हणूनच. एवढी मोठी ढोल कोवळ्या झाडाला असत नाही. देवराईतलं एक वठलेलं झाड ‘असंच उभं आहे’ म्हणून कापलं जातं, तेव्हा तिथं कुणाचं घर होतं हे कापणाऱ्याला माहीत नसतं. देवरूखच्या बाजूला काही तरुण मंडळी धनेशाच्या ढोल्या शोधून त्या राखण्याचं काम करतात. त्यांचं मोल फार मोठं आहे.

वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली १९३२ साली आमच्या सोलापुरात जन्मले, जून २०२५ मध्ये सोलापुरातच गेले, आणि मधला काळ त्यांनी जंगलांत घालवला. धनेश उडून गेल्यावर विजयानं त्यांची आठवण काढली. माळावरच्या गावातून उठून एक माणूस जंगलाकडं का गेला असेल, हे तिला आत्ता कळलं, असं ती म्हणाली.

परतीचं थोडक्यात. आंबा घाटात विजयानं गाडी चालवता चालवताच वर बघून काळा गरुड सांगितला, मी थांबायला लावलं, तो दरीवरून पंख न हलवता दोनदा घिरटी घालून गेला. मलकापूर, कोल्हापूर, मिरज, सांगोला. सोलापुरात शिरलो तेव्हा अंधार होता.

या सगळ्यातून एक काम मात्र निघालं. कारागिरांनी कानात फोमचे बोळे घालावेत म्हणून विजया पूर्वीही मागं लागली होती. ते नाही म्हणायचे, आणि त्यांचं कारण खरं होतं: धागा तुटला की मागाचा ठोका बदलतो, तो ऐकूनच कारागीर पळत येतो. कान बंद केले तर कापड बिघडणार. कोयनेहून आल्यावर तिनं स्वतः बोळे घालून पाळीभर मागांमध्ये काम केलं. बोळे बारीक, कर्कश आवाज जास्त अडवतात, जाड आवाज तितका अडत नाही. ठोका तिला ऐकू येत होता. धागा तुटला तेव्हा बदललेला ठोकाही ऐकू आला. तिनं ते कारागिरांना कुटुरग्याचं उदाहरण देऊन समजावलं, ते त्यांना कितपत कळलं कुणास ठाऊक, पण तिनं तुटलेले धागे त्यांच्याआधी जाऊन जोडले हे त्यांनी बघितलं. दोन तरुण पोरं आता रोज घालतात. जुने कारागीर अजून तयार नाहीत. कांड्या भरणाऱ्या बायकांना मधे मधे बोलायचं असतं, बोळे काढून ठेवले की हरवतात, म्हणून त्यांच्यासाठी तिनं दोरीचे मागवलेत, गळ्यात अडकवता येतात.